वैयक्तिक वापराची सायकल

सायकल चोरीला गेली ती भरदिवसा, मास्तर वरच्या मजल्यावर मोजा शोधत असताना. एक मोजा पायात होता, दुसऱ्याने कुठेतरी दडी मारली होती. तो सापडेपर्यंत चोराने आपलं काम उरकलं. खाली येऊन बघतात तर जिन्याखालच्या गजाला कापलेली साखळी लोंबकळतेय आणि सायकलीच्या जागी सायकलीएवढी हवा. मास्तरांनी आधी त्या हवेकडे पाहिलं, मग जिन्याच्या मागे पाहिलं, मग टपालाच्या पेटीतही डोकावून पाहिलं. अशा वेळी भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, मास्तर तर साधा माणूस.

हातातल्या पिशवीत एका आजीबाईंची वरची कवळी होती. ती जेवणाच्या आत दवाखान्यात पोचायला हवी होती, कारण आजीबाई तिच्याच वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. पिशवी छातीशी धरून मास्तर पुन्हा जिना चढले आणि दारातूनच सुनेला म्हणाले, "अहो, सायकल गेली."

"कुठे गेली?" सुनेने मान वर न करता विचारलं. ती मेणाच्या हिरडीत दात बसवत होती.

"ते काही सांगून गेली नाही," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मोटार शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेलं अर्धं शहर त्या शिकाऊंपासून जीव वाचवायला आपोआप शिकलं. आयुष्यभर ते चालवणाऱ्याच्या शेजारी बसले, पायाखाली आपला एक जादा ब्रेक ठेवून. 'हाफ क्लच, हाफ क्लच' हा त्यांचा जप होता आणि मागे पोरं त्यांना हाफक्लच मास्तरच म्हणायची. पुढे डोळ्यांनी दगा दिला, गाडी विकावी लागली, आणि त्या पैशांतून थोडे बाजूला काढून त्यांनी ही सायकल घेतली होती.

आता जरा नात्याचं सांगून टाकतो, नाही तर पुढे घोळ होईल. तसा तो होणारच आहे. ही सून कागदोपत्री माजी. माजी हा शब्द मंत्र्यांना शोभतो, सुनेला लावला की घास घेताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं, म्हणून आपण तिला सूनच म्हणू. मास्तरांच्या मुलाचं आणि तिचं पटेनासं झालं, दोघांनी शहाण्या माणसांसारखं वेगळं व्हायचं ठरवलं, मुलगा बदली मागून दुसऱ्या शहरात गेला आणि तिथे यथावकाश दुसरं लग्न करून मोकळा झाला. घर सुनेचं होतं. तिच्या कर्जाचं, तिच्या नावाचं. प्रश्न उरला तो मास्तरांचा. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या वतीने बोलायलाही कोणी नव्हतं. पण नेमकं त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यांत थेंब घालायचे, आणि ते घालायची सून. एखाद्याच्या डोळ्यात औषध घालता घालता 'तुम्ही कधी निघताय' असं काही विचारता येत नाही. थेंब संपेपर्यंत घटस्फोट झाला आणि मास्तर राहिले ते राहिलेच.

सुनेने काही बदललं नाही. आधी 'बाबा' म्हणायची, नंतरही 'बाबा'च म्हणत राहिली. बदलले ते मास्तर. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. 'अगं, चहा टाक' होतं त्याचं 'अहो, चहा होणार असेल तर' झालं. आता आपला हिच्यावर कसला हक्क, असं त्यांच्या मनाने घेतलं. घरातल्या वस्तूंचंही तेच. 'तुमचा फ्रिज नीट लागत नाही.' 'तुमच्या नळाला पाणी नाही.' पाणी जायचं ते दोघांचं जायचं, पण मास्तरांच्या बोलण्यात ते फक्त सुनेचं जायचं. 'आपला' हा शब्द त्यांनी त्या घरात टाकूनच दिला होता. सुनेने सुरुवातीला एकदोनदा हटकलं, मग तिनेही नाद सोडला.

सून दात करायची. पुढच्या खोलीत तिने लॅब थाटली होती. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, बाजूला मेणाच्या पट्ट्या, एक छोटा बर्नर, कोपऱ्यात कवळ्यांना चकाकी आणणारी मोटर. सकाळी स्कूटरवरून एक माणूस यायचा आणि दवाखान्यांतून रुग्णांच्या तोंडाची मापं डब्यांत घालून आणायचा. सून त्यावरून दात करायची. आणि तयार दात दवाखान्यांत पोचवायचे कोणी? मास्तरांनी.

त्याची सुरुवात अशी झाली. डोळ्यांची पट्टी निघाल्यानंतर काही दिवसांनी एका गृहस्थाला सभेत भाषण करायचं होतं आणि त्यांची कवळी सुनेच्या टेबलावर होती. मास्तर म्हणाले, द्या इकडे, मी जाऊन येतो. गेले, देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, आज काही पोचवायचंय का? तेव्हापासून सगळे दात मास्तरांच्या सायकलवरून जायला लागले. स्कूटरवाला मात्र येताना डबे भरून यायचा आणि जाताना हात हलवत जायचा. मास्तरांच्या मते तो पक्का कामचुकार होता, आणि हे मत ते त्याच्या तोंडावरही सांगत. तो हसायचा आणि स्कूटरला किक मारायचा.

या पोचवण्यावर मास्तरांचा त्या घरातला मुक्काम उभा होता. निदान त्यांच्या मनात तरी. आपण हिच्या धंद्याला उपयोगी पडतो, म्हणून आपण इथे जेवतो, झोपतो, हिशोब चुकता. कोणी विचारलं तर सांगायला उत्तर होतं. कोणी विचारत नसे ही गोष्ट वेगळी. तिकडे मुलाने मोठं घर घेतलं होतं, त्यात बाबांसाठी खोली काढली होती, आणि दर रविवारी फोनवर एकच धोशा होता, बाबा, कधी येताय. मास्तर म्हणायचे, बघू, इथे कामाचं बघावं लागतं.

आणि आता सायकलच नाही म्हटल्यावर कामाचं काय बघणार? नवी सायकल खिशातून घेता आली नसती असं नाही. पण आपणहून नवी सायकल आणून जिन्याखाली उभी करायची म्हणजे, मी अजून बरीच वर्षं हलत नाही, असं कोणी न विचारता जाहीर करण्यासारखं झालं असतं. ते मास्तरांच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

"घराचा विमा आहे," सून म्हणाली. "त्यात चोरी येते. दरवर्षी हप्ता भरतेय, आजवर त्यांच्याकडून एक डायरी तेवढी मिळालीय. करू या दावा."

मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. दावा मंजूर झाला आणि सायकल आली, तर राहायचं. नाही झाला, तर मुलाकडे जायचं. कंपनी म्हणेल तसं. हे त्यांनी सुनेला सांगितलं नाही.

आजीबाईंची कवळी रिक्षाने पोचवून, पोलिसांत तक्रार देऊन झाली आणि विमा कंपनीला फोन लावायची वेळ आली तेव्हा सून प्लास्टर कालवत होती. प्लास्टर एकदा कालवलं की ते कोणासाठी थांबत नाही, म्हणून फोन मास्तरांच्या हातात आला.

"आपण पॉलिसीधारक बोलताय का?" पलीकडून एका मुलीने गोड आवाजात विचारलं.

"नाही. त्यांचे हात प्लास्टरमध्ये आहेत."

"अरेरे. दोन्ही?"

"हो, दोन्ही. रोजच असतात."

मुलीने पुढचा प्रश्न घेतला. "चोरीला गेलेली सायकल आपलीच होती ना?"

तिने 'आपली' म्हटलं ते आदराने, 'तुमची' या अर्थी. पण मास्तरांच्या कानाला त्या शब्दाचं वावडं झालेलं. ते घाईघाईने म्हणाले, "छे छे, आपलं इथे काही नाही. घर यांचं आहे."

"बरं. म्हणजे सायकल पॉलिसीधारकांची."

"नाही. सायकल माझी."

"म्हणजे आपलीच की."

"माझी आहे, पण आपली नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने यात काहीच अवघड नव्हतं.

"आपलं पॉलिसीधारकांशी नातं काय?"

इथे मास्तर अडले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, सून वाटीत बघत होती. "मी त्यांचा सासरा होतो," ते हळूच म्हणाले.

"होतो म्हणजे, आपण सध्या..."

"मी आहे. सासरा होतो."

पलीकडे बराच वेळ टकटक चालली. मग मुलगी म्हणाली की या प्रकरणात सर्व्हेअर घरी येऊन पाहणी करतील. फोन ठेवल्यावर मास्तर सुनेला म्हणाले, "चांगली मुलगी होती, पण तिला नीट ऐकू येत नसावं." सून खांदे हलवत हसत होती आणि वाटीतलं प्लास्टर दगड झालं होतं. ते तिने फेकून दिलं आणि नवं कालवायला घेतलं. मग एकाएकी तिचं हसू थांबलं.

सर्व्हेअर यायच्या आदल्या संध्याकाळी तिने पॉलिसी काढून वाचली. मुंग्यांनी लिहावी तशा बारीक अक्षरात एक कलम होतं. घरात कायम राहणाऱ्या कुटुंबीयांच्या वैयक्तिक वापरातल्या वस्तू. धंद्याच्या वापरातली वाहनं वगळून.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या त्यांनी विचारलं की सायकल कशाला वापरत होता, तर सांगा, फिरायला."

"फिरायला?"

"हो. पाय मोकळे करायला."

"मी काय फिरतो? मी काम करतो. तुमचा सगळा माल मी पोचवतो."

"तसं सांगितलं तर दावा फेटाळतील."

"आणि मी फिरतो म्हणून सांगू? रिकामटेकड्यासारखा?" मास्तरांना ते फार लागलं. सून काहीतरी बोलायला गेली, आणि मग तिने पॉलिसी मिटून कपाटात ठेवली.

सर्व्हेअर निघाला एक उंच, किरकोळ बांध्याचा, अदबीने बोलणारा माणूस. बोलताना मधूनच हात तोंडापुढे धरायचा. सुनेच्या ते लगेच लक्षात आलं. ती माणसाला आधी दातांवरून ओळखायची, चेहरा मागाहून. वरचा एक दात नाही, तिने मनात नोंद केली. सर्व्हेअरने जिन्याखालचा गज पाहिला, कापलेल्या साखळीचे फोटो काढले, साखळी चांगल्या प्रतीची होती असं म्हणाला, आणि वर येऊन प्लास्टरच्या जबड्यांच्या मधोमध जागा करून आपले कागद मांडले. सगळे जबडे त्याच्याकडे तोंड करून होते, त्यामुळे तो थोडा सावरून बसला.

सायकल कधी घेतली, पावती आहे का, रंग कोणता, सगळं विचारून झालं. मास्तरांनी पटापट उत्तरं दिली. मग तो म्हणाला, "आणि सायकलचा वापर कशासाठी करत होतात?"

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने चकाकीच्या मोटरवर कवळी धरली होती, तिने मान वळवली नाही. फिरायला, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण मास्तरांची जीभ त्या शब्दाला तयार होईना. हा माणूस असा की परवान्याच्या परीक्षेला स्वतःच्याच शिकाऊला घेऊन गेला असताना परीक्षकाला सांगून आला होता, याला पास करू नका, हा अजून उजवीकडे वळताना डोळे मिटतो. शिवाय आज प्रश्न नुसत्या खरेखोट्याचा नव्हता. फिरायला म्हटलं की त्या घरातली त्यांची एवढ्या वर्षांची नोकरी गेली.

"दात पोचवायला," ते म्हणाले.

सर्व्हेअरचं पेन थांबलं. "म्हणजे यांच्या व्यवसायासाठी?"

"अर्थात."

"अधूनमधून की नियमित?"

"एक दिवस चुकलो नाही," मास्तर ताठ बसून म्हणाले. दोन उत्तरांत त्यांनी आपल्याच पायावर मोठा धोंडा पाडून घेतला होता आणि वर तो छान बसल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं.

"मग माफ करा," सर्व्हेअर कागद आवरू लागला. "व्यवसायाचा वापर असेल तर मला काही करता येणार नाही."

"थांबा, लिहू नका ते," सून म्हणाली. तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "त्यांनी दात पोचवायची काही गरज नव्हती."

"गरज नव्हती म्हणजे?" हे विचारलं ते मास्तरांनी.

सून सर्व्हेअरकडे बघूनच बोलली. मास्तरांकडे बघून तिला ते बोलता आलं नसतं. "स्कूटरवरून एक माणूस मापं आणतो. जाताना तयार दात न्यायचंही त्याचंच काम आहे. दवाखाने त्याला त्याचेच पैसे देतात, पहिल्यापासून."

"पण तो तर रिकामा जातो," मास्तर म्हणाले.

"मी सांगते म्हणून जातो."

मोटर बंद करायची राहून गेली होती, ती नुसतीच फिरत होती.

सर्व्हेअर मात्र कामाचा माणूस होता. त्याने कागद पुन्हा पसरले. "म्हणजे हे रोज विनाकारण जात होते?"

"हो."

"आपल्या व्यवसायाला त्याचा काही फायदा नव्हता?"

"फायदा कसला," सून म्हणाली. आता सांगायचंच तर सगळं सांगावं असं तिला वाटलं असावं. "एकदा एकाच माणसाची वरची कवळी एका दवाखान्यात आणि खालची दुसऱ्या दवाखान्यात देऊन आले होते. मी टॅक्सी करून निस्तरलं."

"उत्तम," सर्व्हेअर खुलून म्हणाला. "विनाकारण जाणं म्हणजे वैयक्तिक वापर. तसं लिहितो. आता एकच राहिलं." तो मास्तरांकडे वळला. "आपण इथे कायम राहता ना?"

मास्तर उठले आणि स्वयंपाकघरात गेले. सर्व्हेअरने सुनेकडे पाहिलं. सुनेने मोटर बंद केली आणि ती त्यांच्या मागे गेली.

मास्तर ओट्याला टेकून खिडकीकडे तोंड करून उभे होते. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही विचारलंत ना, आज काही पोचवायचंय का, तेव्हापासून."

"एवढी वर्षं? एवढी वर्षं तू मला खेळवत होतीस?" रागाच्या भरात 'तू' केव्हा आलं ते मास्तरांना कळलंही नाही. सुनेला कळलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

"हो."

"उन्हातान्हातून जात होतो मी. पावसातून."

"पावसात मी नको म्हणायचे. तुम्हीच ऐकायचा नाहीत."

"तो स्कूटरवाला किती हसत असेल मला. मी त्याला कामचुकार म्हणत होतो."

"तो कशाला हसेल? त्याची मेहनत वाचत होती. तुमची तब्येत विचारतो तो कायम."

"पण का?" मास्तर वळले. "असं का केलंस?"

"नाही तर तुम्ही आठवडाभर तरी राहिला असतात का?" सून म्हणाली. "डोळ्यांत थेंब चालू होते तोवर तुम्ही दोन घास खाऊन ताटावरून उठायचात. भूक नाही म्हणायचात. ती पहिली कवळी देऊन आलात आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलात. मी समोर बसले होते, मला दिसत होतं. मग म्हटलं, जाऊ दे, नेऊ दे यांनाच दात."

"मला सरळ सांगायचंस, राहा म्हणून."

"कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही मला 'अहो' म्हणायला लागलात. 'तुमचं घर', 'तुमचा नळ'. मला वाटायचं, आपल्या मुलाचं जिच्याशी पटलं नाही तिच्याकडे राहायची यांना लाज वाटत असेल. परवा फोनवर त्या मुलीला तुम्ही सांगितलंत, आपलं इथे काही नाही. मी हसले. रात्री झोप लागली नाही मला."

हे मास्तरांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण भार होऊ नये म्हणून त्यांनी जे जे जपलं ते ते हिला टोचत राहिलं होतं.

"मला तुम्ही घरात लागता, बाबा," सून म्हणाली.

"कशाला?"

"कशाला नाही. नुसते."

मास्तर सगळं आयुष्य कोणाला ना कोणाला कशासाठी तरी लागत आले होते. परवाना काढायला, गाडी मागे घ्यायला, चढावर ब्रेक मारायला. नुसते ते कोणाला लागले असतील तर बायकोला, आणि तिनेही ते असं उघड कधी सांगितलं नव्हतं. त्यांना रडू आलं. ते लपवायला त्यांनी नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं, पण त्याने कोणी फसलं नाही.

"साहेब," बाहेरून सर्व्हेअरचा संकोचलेला आवाज आला, "नुसतं हो की नाही सांगितलंत तरी चालेल."

मास्तर टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. "लिहा," ते म्हणाले. "कायम राहतो."

"नातं?"

"सासरा."

सर्व्हेअरने कागद चाळला. "इथे फोनवरच्या नोंदीत 'सासरा होतो' असं आहे."

"ते फोनवर चुकून बोलून गेलो," मास्तर म्हणाले. "आहे."

"आहेत," सून मागून म्हणाली.

सर्व्हेअरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याच्या कंपनीच्या कलमात कायम राहणारे कुटुंबीय एवढेच शब्द होते, कुटुंबीय कोणाला म्हणावं हे मुंग्यांनी कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने 'सासरे' असं लिहिलं, सही घेतली, आणि निघताना दारात जरा घुटमळला. मग तोंडापुढे हात धरून त्याने विचारलं, एकच दात बसवायचा असेल तर फार दुखतं का हो? सुनेने त्याला हात बाजूला करायला लावला, उजेडात पाहिलं आणि सांगितलं की मुळीच नाही, पण आधी दंतवैद्याकडे जा, आणि दावा निकालात निघाल्यावर जा, नाही तर लोक उगीच काहीबाही बोलतील.

दावा पुढे मंजूर झाला. वापरलेली वस्तू म्हणून त्यातून घसारा कापला, तेव्हा आली ती नवी सायकल नव्हती, कोणीतरी आधी वापरलेली होती. मास्तर तिच्यावरून वाटेल तेव्हा आणि वाटेल तिकडे जातात. तयार दात स्कूटरवाला नेतो आणि कामाचं ओझं फार वाढल्याची कुरकुर करतो. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सर्व्हेअर गेला, दुपार सरली, आणि मास्तर पुढच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. पोचवायचं काही नव्हतं, सायकलही नव्हती. सुनेने अर्धवट राहिलेली कवळी पुन्हा हातात घेतली. मास्तर तिला म्हणाले, त्या बर्नरची वात जरा कमी कर गं, आणि तिने ती कमी केली. संध्याकाळी फोन वाजला. मुलाचा होता. रविवार नसतानाही त्याने केला होता.

"बाबा, तुमच्या खोलीत आज पडदे लावून झाले," तो म्हणाला. "आता सांगा, कधी येताय?"

"नाही येत रे."

"अहो, का पण? तिथे एवढं काय काम अडलंय तुमच्यावाचून?"

"काम काहीच नाही," मास्तर म्हणाले. "आधीही नव्हतं म्हणे."

"मग?"

सुनेने मान खालीच ठेवली होती, पण मेण कोरणारा तिचा हात थांबला होता.

"मग काय," मास्तर म्हणाले, "मी आपल्या घरीच आहे की."